गढूळ एस्टर

"घाण आहे," डॉक्टर बासुआल्दो प्रयोगशाळेच्या शुक्रवारच्या बैठकीत, नदिनाच्या नळीकडे बोट दाखवत सगळ्यांदेखत म्हणाले. "शुद्ध पदार्थ वितळला की थेट पाण्यासारखा नितळ होतो. हा आधी गढूळ, मग नितळ. आम्ल उरलंय त्यात. नदिना, सोमवारपासून हा विषय रामीरोकडे."

नदिनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोलेस्टेरॉलला नऊ कार्बनांचं मेदाम्ल जोडून तिनं हे एस्टर बनवलं होतं. पुन्हा पुन्हा विरघळवून स्फटिक काढता काढता हातांची सालं निघाली होती. तपासणीच्या पट्टीवर एकच ठिपका येत होता, म्हणजे पदार्थ एकच; अवरक्त आलेखात आम्लाचा मागमूस नव्हता. ते कागद समोर होते आणि या गृहस्थांनी त्यांच्यावर बिस्किटांचा पुडा ठेवला होता!

"डॉक्टर, गढूळपणा हा त्याचा स्वभावच आहे. वितळल्यावरही त्याचे रेणू रांग सोडत नाहीत."

"पोरी, मी स्टेरॉइडं शिकवायला लागलो तेव्हा तू रांगत होतीस."

रामीरो फिदीफिदी हसला. हसणारच, आयतं घबाड मिळत होतं मेल्याला.

त्या दिवशी मात्ते, म्हणजे एकाच भांड्यातून सगळ्यांनी आळीपाळीनं प्यायचा कडवट पाल्याचा काढा, पाजायची पाळी नदिनाची होती. अर्जेंटिनातल्या या तुकुमानमध्ये मात्तेचं पाणी कुणी उकळू देत नाही. पाला करपतो आणि पाजणाऱ्याची वर्षभर टर उडते. थर्मासकडे बघताबघता तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. उकळीच्या जरा खालची हीच तर एस्टरच्या गढूळपणाची ऊब! तिनं एस्टरची बंद नळी लायटरवर धरली. पदार्थ गढूळला, मग नितळ झाला. तिनं थर्मासमधलं पाणी काचेच्या पेल्यात ओतलं आणि नळी त्यात बुडवली.

नळीत जांभळी झाक उतरली, मग निळी, मग हिरवी, आणि तिथेच ठरली.

"हा तुमचा गढूळपणा, डॉक्टर. रांगेत उभे राहिलेले रेणू रंग फेकतायत. गढूळपणा आम्लाचा असता तर हे रंग आले नसते."

बासुआल्दोंनी चष्मा वर केला, खाली केला. "हं. मला वाटलंच होतं. म्हणून तर तुला एवढं घासायला लावलं." आणि मात्तेसाठी हात पुढे केला.

निर्लज्जपणाची कमाल झाली! नदिनानं मात्ते भरला आणि त्यांना ओलांडून पलीकडच्या सेलेडोनियाबाईंना दिला. चालू फेरीत असं वगळणं म्हणजे थोबाडीतच.

"घाण मोठ्यानं म्हणालात. आता शुद्धही मोठ्यानं म्हणा, मग मिळेल."

"शुद्ध आहे," ते पुटपुटले.

"रामीरोला ऐकू गेलं नाही."

"शुद्ध आहे! आणि विषय तुझाच!"

नदिनानं त्यांना मात्ते भरून दिला. थर्मासचं झाकण मघापासून उघडंच राहिल्यानं पाणी एव्हाना कोमट झालं होतं. तिनं मुद्दामच ते गरम केलं नाही.