काळ्या रंगाखालची टोपी

साहेब, माझी गाडी तुम्ही बिघडवली.

ब्रश माझ्या हातात होता, हे आधीच कबूल करते. पण "खालून सगळी गंजलीय, काळी करून आणा, मग बघू" हे शब्द तुमचे. तुम्ही आरटीओतल्या खुर्चीतून उठलात, बुटाच्या टोकाने मागचं चाक दाबल्यासारखं केलंत आणि शेरा मारलात. वाकला नाहीत.

मी कुमुदिनी. जयेंद्रगंजातल्या अकरा मुलींना व्हॅनने शाळेत नेते-आणते. व्हॅन जुनी, दुसऱ्याने वापरलेली घेतलेली. फिटनेसचा जुना कागद शनिवारी संपत होता. शाळेने बजावलं होतं, नवा कागद नसेल तर सोमवारपासून मुली दुसऱ्या गाडीत. ती गाडी मी पाहिलीय. नऊ जणींच्या जागेत सतरा जणी कोंबतात.

म्हणून दोन दिवस गाडीखाली उताणी पडून मी सगळं रंगवलं. चेसिस, स्प्रिंगा, मागचा अख्खा एक्सल. बोट ठेवायला जागा सोडली नाही. सासूबाई इंदुताई खिडकीतून म्हणाल्या, "नवरीला एवढी हळद लावत नाहीत गं!"

दुसऱ्यांदा तुमच्यासमोर गाडी उभी केली. रंग पसंत पडला. पण मागच्या डाव्या चाकाच्या आतून तेल ओघळलेलं होतं. नापास.

एक्सल म्हणजे मागची दोन चाकं जोडणारी नळी; तिच्या मधोमध लोखंडी गोळा असतो, त्यात गिअर आणि जाड तेल. ते तेल चाकांकडे जाऊ नये म्हणून दोन्ही टोकांना रबरी सील. इंदरगंजच्या गॅरेजवाल्या दौलतसिंहने डावं सील बदललं. "हो गया वहिनी, टेन्शन मत लो." दोन दिवसांनी उजवीकडून तेल. पुन्हा नापास. उजवंही बदललं. मग गोळ्याच्या तोंडाशी, जिथे इंजिनाकडून येणारा लांब दांडा जोडतात, तिथून थेंब पडायला लागले.

बुधवारी किला गेटच्या उतारावर मी ब्रेक दाबला आणि गाडी घसरत पुढे गेली. समोरच्या हातगाडीला टेकता टेकता थांबली. मागच्या चाकांतल्या ब्रेक-ड्रममध्ये तेल शिरलं होतं, ब्रेक धरणार कशाला? मागून चिमुकली गरिमा म्हणाली, "मावशी, गाडी रुकी क्यों नहीं?"

त्या प्रश्नावर मी मुलींना उतरवलं. दोन रिक्षा करून शाळेत पाठवलं. दौलतसिंहला फोन केला तर म्हणतो, "गाडीच बेकार आहे वहिनी. बेच दो."

मी तशीच, पहिल्या गिअरमध्ये रांगत, किला गेटजवळच्याच पांडुरंगरावांकडे गेले. पन्नास वर्षं गाड्या दुरुस्त केलेला माणूस. आता गुडघे वाकत नाहीत म्हणून काम सोडलंय, पण हत्यारं अजून पुसून ठेवतात. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मी खाली जाणार नाही. तू जा. मी विचारीन, तू सांग."

"तेल आहे, काका."

"तेल तुझ्या साहेबालाही दिसलं. कुठून निघतंय ते सांग."

"सगळीकडे माखलंय. कसं कळणार?"

"मग आधी पुसून काढ. रॉकेल घे. कोरडं झालं की पावडर लाव."

"कसली पावडर?"

"तोंडाला लावतात ती!"

घरी जाऊन सासूबाईंची डबी आणली. त्या ओरडल्या, "हळद झाली, आता पावडर! कुंकू तेवढं राहिलं!" पांढराशुभ्र एक्सल घेऊन, हँडब्रेकवर हात ठेवून, इंदरगंजपर्यंत सावकाश फेरी मारली. परत येऊन खाली शिरले. पावडरवर तीन ओल्या रेघा होत्या. डावीकडे, उजवीकडे, पुढे.

"तिन्हीकडून?" काका हसले. "त्यातली दोन सील नवी. सगळी एकदम मेली? साथ आलीय का? गोळ्याच्या पाठीवर बोल्ट आहे, तेल भरायचा. तो हळू सैल कर. तोंड बाजूला ठेव."

मी पाना फिरवला. फुस्स! केवढी हवा निघाली. मागोमाग तेलाची पिचकारी माझ्या बाहीवर.

"ढेकर दिली बघ," काका म्हणाले. "आता हात वर घाल. एक्सलच्या नळीवर छोटी टोपी असते. फिरते का?"

"टोपी नाही, काका. गाठ लागतेय."

"खरवड."

नखाने खरवडलं. रंगाचा जाड पापुद्रा निघाला, त्याखाली वाळलेला चिखल, त्याखाली टोपी. जाम. गाडी चालली की एक्सल तापतो, आतली हवा फुगते, ती त्या टोपीतून बाहेर पडते. तिची वाट बंद झाली की ती तेलाला ढकलते, आणि तेल जिथून फट मिळेल तिथून निघतं. सीलं बिचारी किती दाबून धरणार?

"रंग कोणी मारला?"

"मीच."

काका म्हणाले, "मन लावून मारलास."

मी गाडीखालीच हसत सुटले. बेकार नव्हती माझी गाडी. नाकात बोळा घालून पळवत होते मी तिला.

टोपी काढली, रॉकेलमध्ये धुतली, फुंकर आरपार जाते का पाहिलं, परत बसवली. दौलतसिंहला बोलावलं. त्याने ड्रम धुतले, तेल प्यायलेले ब्रेक-शू फेकून नवे घातले. मान खाली घालून म्हणाला, "काका, दिमाग में ही नहीं आया."

"पुढचं सीलही बदलून टाकू?" मी विचारलं.

"त्याचा गुन्हा काय? पुन्हा पावडर लाव आणि उद्या बघ."

गुरुवारी सकाळी रिकामी गाडी त्याच उतारावर नेली. ब्रेक दाबला. थांबली. पुन्हा वर नेली, पुन्हा दाबला. जिथल्या तिथे थांबली. खाली वाकून पाहिलं तर पावडर कोरडी, जशी लावली तशी. मी रस्त्याच्या कडेला बसून रडले. लाज कसली? आठवड्यानंतर पहिल्यांदा गाडी माझं ऐकत होती.

शुक्रवारी तुम्ही पास केलंत. "बघा, झालं की नाही?" असंही म्हणालात. मी विचारलं, "साहेब, खालून काळा रंग लावायचा नियम कुठे लिहिलाय?" तुम्ही म्हणालात, "पुढची गाडी!"

सोमवारी अकराच्या अकरा मुली माझ्या गाडीत होत्या. उतारावर गरिमा म्हणाली, "मावशी, आज रुकी!" सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

पण शुक्रवारी तुमच्याकडे माझ्यामागे रांगेत सात गाड्या होत्या. सातही खालून ओल्या काळ्या रंगाच्या. त्यांतही कोणाची तरी मुलं बसतात.

म्हणून आज पुन्हा तुमच्यासमोर उभी आहे. माझी चूक मी कबूल केली. आता तुम्ही सांगा, तो नियम कुठे लिहिलाय? कागद दाखवा. नसेल, तर नाही म्हणून लिहून द्या. पुढची गाडी थांबेल. आधी उत्तर द्या.