अदिबाची दोन बोटं

घाटनांदूरच्या अशफाक मेकॅनिकची मुलगी अदिबा जन्मली, तेव्हाच तिच्या डाव्या पायाची अंगठ्याशेजारची दोन बोटं जाड होती. चार वर्षांत ती अंगठ्याच्याही पुढं गेली. पहिली दोन वर्षं हा गुन्हा तिच्या आईचा, यास्मिनचा होता. "गिराणात वांगं चिरलंस कावून?" असं सासू इमामबी उठता-बसता विचारायची; ग्रहणात पोटुशीनं काही चिरलं की पोराला खोड राहते, असा समज. मग शेजारणीनं त्या बोटांना हात लावला आणि तिची दाढदुखी थांबली. तेव्हापासून बोटं खानदानाची झाली. बायका खडीसाखर घेऊन येऊ लागल्या. माजी सरपंच बजरंगरावांनी मात्र लांबूनच "हत्तीपाय हाय" असं सांगितलं, गल्लीत डासांची फवारणी केली आणि फोटो काढून घेतला.

कुणीही आलं की अदिबा आपणच पाय पुढं करायची. एका बाईनं तो दुखऱ्या पोटावर ठेवून घेतला. अदिबाला गुदगुल्या झाल्या, तिनं सणसणीत लाथ घातली. बाई कळवळत म्हणाली, "गुण आला!"

यास्मिननं पोरगी उचलली आणि अंबाजोगाईची एसटी धरली. इमामबीही मागोमाग चढली, लक्ष ठेवायला.

हाडांच्या डॉक्टर वनमालाबाईंनी अदिबाचे हात, पाठ, कातडीवरचे डाग, सगळं तपासलं. दोन्ही पायांचे एक्स-रे उजेडात धरले.

"ही दोन बोटं हाडासकट वाढलीत. हत्तीपाय नाही, कॅन्सर नाही. याला मॅक्रोडॅक्टिली म्हणतात. फार थोड्या मुलांना होतं."

"माझ्यामुळं झालं का?" यास्मिननं विचारलं. "गिराणात वांगं चिरलं व्हतं."

"वांग्यानं फक्त भाजी होते. पोटात असतानाच बोटाच्या पेशींत बिघाड होतो. चूक कुणाचीच नाही."

यास्मिन पदर तोंडाला लावून रडली. इमामबी खिडकीबाहेर बघत बसली.

"आता तुमची चप्पल काढा," डॉक्टर यास्मिनला म्हणाल्या आणि टेप घेऊन तिचीच बोटं मोजू लागल्या. "मुलीचं बोट आईच्या बोटाएवढं झालं, की ऑपरेशन करून हाडाची वाढ थांबवायची. तोवर दर सहा महिन्यांनी यायचं."

इमामबीनं लगेच चप्पल काढली. "माझीबी मोजा. पोरगी माझ्यावर गेलीय."

ऑपरेशन सहाव्या वर्षी झालं. बोटं जाडच राहिली, पण वाढायची थांबली. पुढच्या वर्षी अदिबा शाळेच्या शर्यतीत पळाली, शेवटून दुसरी आली आणि भोकाड पसरत घरी आली.

"शेवटी कोण आलं?" यास्मिननं विचारलं.

"सायली."

"तिच्या पायाला काय झालंय?"

"काय न्हाई. लई खाती."