एक्केचाळीसाव्या पानावरचा पाइप

नगरपालिकेच्या सभेत खरं काय ते माइक बंद करून बोलतात. बावीस वर्षं मी त्या सभागृहाचं इतिवृत्त लिहिते आहे. कोणी सूचना मांडली, कोणी अनुमोदन दिलं, कोण काय बोललं, सगळं. पण नियम असा की माइक चालू असताना जे बोललं जातं तेवढंच कागदावर येतं. त्यामुळे अध्यक्षांचं बोट बटणाकडे गेलं की माझे कान टवकारतात. घरचे मला दुर्बीण म्हणतात. म्हणेनात का! दुर्बिणीला निदान लांबचं तरी दिसतं, ह्यांना पायाखालचं दिसत नाही.

ह्या वर्षी बजेट आणि गल्लीचा विषय एकाच दिवशी ठेवला होता, एकापाठोपाठ एक. मला तिथेच शंका आली. बजेटच्या दिवशी सगळे सदस्य आकड्यांनी पेंगुळलेले असतात, आणि पेंगुळलेल्या माणसाचा हात वर करून घेणं काही अवघड नसतं.

गल्लीचा विषय असा होता. भर बाजारात, जुन्या छापखान्यामागे एक गल्ली आहे. अकरा घरं, सगळी दोन मजली, खाली दुकानं. शहराच्या नकाशात ती लहान व्यवसायांसाठी राखलेली, म्हणून तिथे उंच काही बांधता येत नव्हतं. आता तो शिक्का काढून चौदा मजली फ्लॅटच्या इमारतीला परवानगी द्यायची की नाही, हे सभेने ठरवायचं होतं. त्या गल्लीत तळमजल्यावर माझ्या दादाचं बुकबाइंडिंगचं दुकान आहे. जागा भाड्याची, एकतीस वर्षांची. कागद कापायचं त्याचं ओतीव लोखंडी मशीन एवढं जड आहे की ते आणलं तेव्हा आठ माणसं लागली होती आणि दाराची चौकट काढावी लागली होती. असलं मशीन वरच्या मजल्यावर चढत नाही, आणि चढलं तर खालच्याच्या डोक्यावर येईल. तळमजला गेला की दादाचा धंदा गेला, आणि बाजारात दुसरा तळमजला त्याला परवडणारा नव्हता.

त्या वॉर्डाच्या नगरसेविका म्हणजे आमच्या हेडबाई. शाळेतून निवृत्त होऊन इकडे आल्या, पण अजून बोलताना समोरच्याच्या गणवेशाकडे बघतात. सभेच्या महिनाभर आधी त्या दादाच्या दुकानात येऊन गेल्या. मी तिथेच होते, वहिनींनी बोलावलं होतं म्हणून.

"इमारत अडवता येणार नाही," हेडबाई म्हणाल्या. "पण मी उपसूचना मांडते. परवानगी द्या, मात्र तळमजला जुन्या दुकानदारांना, जुन्याच भाड्याने. बिल्डर तोंडी कबूल झालाय. शेजारच्या वॉर्डाचे नगरसेवक, डॉक्टरसाहेब, अनुमोदन देणार आहेत, त्यांच्या मागे आणखी तिघं येतील. तुम्ही फक्त गप्प बसायचं. आरडाओरडा झाला की कच्ची माणसं आधी पळतात."

दादाने दोन्ही हात जोडले. खळीने माखलेले हात, तसेच. माझा दादा असा आहे. कोणी गोड बोललं की ह्याचं काळीज विरघळलंच.

मला मात्र ते 'गप्प बसा' खटकलं. भलं करायला निघालेला माणूस कशाला कोणाला गप्प बसवेल? त्यात दोनच दिवसांपूर्वी ह्याच हेडबाई मला पालिकेच्या जिन्यात बिल्डरच्या आर्किटेक्टबरोबर दिसल्या होत्या. दोघं हसत होते. मला पाहिलं आणि हसणं थांबलं. आता मला पाहून हसणं थांबतं ते काही नवीन नाही, तरीही.

पुढच्या आठवड्यात बजेटचा मसुदा माझ्याकडे आला. अनुक्रमणिका लावायचं काम माझं. एक्केचाळीसाव्या पानावर मलनिस्सारणाची कामं होती, आणि त्यात अगदी शेवटच्या ओळीत दादाची गल्ली. 'सहा इंची पाइप काढून बारा इंची टाकणे.'

मी ती ओळ चारदा वाचली. अकरा घरं. त्यातल्या तीन घरांत फक्त गोदामं. एवढ्या माणसांच्या न्हाणीघरांना बारा इंची पाइप कशाला लागतो? तो लागतो चौदा मजल्यांना. म्हणजे सभा व्हायची होती, मत पडायचं होतं, आणि ह्यांनी इमारतीचा पाइप आधीच मांडून ठेवला होता! शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती अशी. मग हेडबाईंची उपसूचना कशासाठी? गल्लीला झोपवण्यासाठी. इमारत मंजूर झाली की उपसूचना कुठेतरी अडकणार आणि बाई म्हणणार, मी प्रयत्न केला हो.

त्या पानाची झेरॉक्स काढून मी संध्याकाळी दुकानात गेले. मसुदा तेव्हा जाहीर झालेला नव्हता. हे नियमात बसत नव्हतं, आणि मला ते ठाऊक होतं.

दादाने चष्मा लावून ओळ वाचली. "पण तायडे, पाइप आहे. पाइप टाकतात की."

"दुप्पट रुंदीचा? आपल्या गल्लीत? एकतीस वर्षांत तुमच्या दारातला दिवा बदलला नाही त्यांनी, आणि आता अचानक माया आली? बजेट वाचावं माणसाने, दादा."

"हेडबाई खोटं बोलतील असं वाटत नाही."

"तुला कोणीच खोटं बोलेल असं वाटत नाही. घड्याळ मागे पडलं तरी तू म्हणशील, त्याची काहीतरी अडचण असेल."

वहिनी मागे पुठ्ठे मोजत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "अहो, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका. बाई आल्या, शब्द देऊन गेल्या. गप्प बसायला काय जातंय?"

"गप्प बसायला दुकान जातंय, वहिनी," मी म्हणाले. "मी तिथे बसते. तुम्ही बसत नाही."

हे माझं ठेवणीतलं वाक्य. ते वापरलं की वाद संपतो.

सभेत नागरिकांना तीन तीन मिनिटं मिळतात. दादाचं भाषण मी लिहून दिलं, मोठ्या अक्षरात, दीड पान. पाइप, अकरा घरं, चौदा मजले, सगळं ओळीने. शेवटचं वाक्य माझ्या फार आवडीचं होतं: 'निर्णय तुम्ही आधीच घेतला आहे आणि इथे बसलेला प्रत्येक जण विकला गेला आहे.' दादाने विचारलं, 'प्रत्येक जण' कशाला, 'काही जण' म्हणू का? मी म्हटलं, काही जण म्हटलंस की प्रत्येकाला वाटतं तो दुसरा. त्याने मान डोलावली.

सभेच्या दिवशी तो इस्त्रीचा सदरा घालून आला होता. माझ्या टेबलापासून दहा पावलांवर उभा राहिला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही, आम्ही तसं ठरवलं होतं. तो एकेक ओळ वाचत गेला. पाइपाच्या ओळीला गॅलरीत कुजबुज झाली. शेवटच्या वाक्याला टाळ्या पडल्या. शिट्टीसुद्धा आली. मी खाली मान घालून लिहीत होते आणि आनंदाने माझं पेन धावत होतं. खोटं कशाला बोलू, मला वाटलं आता पकडले सगळे.

हेडबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता. त्या दादाकडे बघत होत्या. रागाने नाही. फळ्यावर नीट समजावलेलं गणित मुलाने परीक्षेत चुकवावं, तसं बघत होत्या.

अध्यक्षांनी पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणाच्या इंजिनिअरला उभं केलं. हा माणूस सभेत एरवी डुलक्या घेतो. तो सावकाश उठला.

"साहेब, सहा इंची पाइप पालिका आता विकतच घेत नाही. तीन वर्षं झाली. जिथे जिथे जुना निघेल तिथे बाराच पडतो. गृहस्थांनी पान उलटलं असतं तर दिसलं असतं. बेचाळीस नंबर बघा."

सभागृहात पानं उलटल्याचा आवाज झाला. मीही उलटलं. बेचाळीसाव्या पानावर आणखी एकोणीस गल्ल्या होत्या. शाळेमागची, कोठारांची, स्मशानाकडे जाणारी. सगळीकडे सहा इंची काढून बारा इंची टाकणे. त्याच शब्दांत, एकाखाली एक. मी अनुक्रमणिका लावली होती. ते पान माझ्या हाताखालून गेलं होतं, आणि एक्केचाळीसावर माझं बोट थांबल्यावर मी पुढचं काही वाचलंच नव्हतं.

गॅलरीतले मघाचे टाळीवाले आता हसत होते. कोणीतरी म्हणालं, "स्मशानात पण टॉवर येतोय वाटतं!" दादा अजून उभाच होता. खाली बसायचं असतं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, मीही नाही.

मग गल्लीचा विषय पुकारला गेला. हेडबाई उठल्या आणि त्यांनी उपसूचना मांडली. खरंच मांडली. तळमजला जुन्या दुकानदारांना, जुन्याच भाड्याने, शब्दाला शब्द तसाच, जसा दुकानात सांगितला होता. आवाज तेवढा थकला होता.

"अनुमोदन?" अध्यक्षांनी विचारलं.

डॉक्टरसाहेबांनी माइक चालू केला. "मी देणार होतो," ते म्हणाले. "पण आत्ताच मला कळलं की मी विकला गेलोय. विकलेल्या माणसाचं अनुमोदन गल्लीला चालेल का, विचारून घ्या." आणि बटण बंद केलं. बाकीचे तिघं डॉक्टरांकडे बघत होते. त्यांनीही हात खालीच ठेवले.

"अनुमोदन?" अध्यक्षांनी पुन्हा विचारलं. कोणीतरी खोकलं.

मी लिहिलं: अनुमोदनाअभावी उपसूचना बारगळली. मूळ सूचना नऊ विरुद्ध सहा मतांनी संमत. त्यानंतर बजेट, पाइपासकट, एकमताने संमत. मी पेन खाली ठेवलं नाही, कारण सभा चालू होती.

पंधरा दिवसांत नोटीस आली. सहा महिन्यांत जागा रिकामी करा. मधल्या काळात मी दादाकडे गेले नाही. फोन केला तर वहिनी उचलायच्या आणि म्हणायच्या, ते कामात आहेत. काय काम, ते सांगायच्या नाहीत. वहिनी रागावल्या असतील, हे मी समजू शकत होते. रागवावंच त्यांनी. मीच माझ्यावर इतकी चिडले होते की ऑफिसात शिपायाने गुड मॉर्निंग म्हटलं तरी अंगावर जात होते. पण दादा रागवत नाही. तो मला काहीतरी म्हणेल, एवढ्यातेवढ्यावर हसेल, आणि मग मला रडता येईल, असं मी धरून चालले होते. म्हणून एका सकाळी उठले आणि सरळ दुकानात गेले.

दुकान अर्धं रिकामं झालं होतं. कापायचं मशीन एका भंगारवाल्याने बघून ठेवलं होतं, त्यावर खडूने खूण होती. दादा पुठ्ठ्यांचे गठ्ठे बांधत होता. वहिनींनी मला पाहिलं, हातातला झाडू कोपऱ्यात ठेवला आणि आत गेल्या.

"दादा, चूक माझी आहे," मी म्हणाले. दारातच म्हणाले, बसायच्या आधी. "पुढचं पान मी वाचलं नाही. हेडबाई खरं बोलत होत्या. तुझं दुकान माझ्यामुळे गेलं."

त्याने मान हलवली. गठ्ठ्याची गाठ मारली. मग टेबलाच्या खणातून त्याने बजेटचं पुस्तक काढलं, छापील, जाहीर झालेलं. त्याची पानं दुमडलेली होती. कडेला पेन्सिलीच्या खुणा होत्या.

"तू म्हणाली होतीस ना, बजेट वाचावं," तो म्हणाला. "वाचलं. सगळं वाचलं. पहिल्या पानापासून."

"बरं केलंस."

"सदुसष्टावं पान." त्याने ते उघडून माझ्यासमोर धरलं. त्याच्या बोटाखाली ओळ होती: इतिवृत्त लेखनिक पदाचा दर्जा वाढवून ते अधीक्षक श्रेणीत नेणे. पद एक.

"पद एक म्हणजे तूच ना?"

"हो."

"तू बोलली नाहीस."

"मला कळलंच मंजूर झाल्यावर. दादा, तो अर्ज सहा वर्षांपूर्वीचा आहे. दर वर्षी मी देते, दर वर्षी ते कापतात."

"ह्या वर्षी नाही कापला."

त्याचा चेहरा नेहमीसारखाच होता, सौम्य, थोडा दमलेला. त्याला ते विचारायचं नव्हतं, हे मला स्पष्ट दिसत होतं. पण त्याने विचारलं.

"जाहीर व्हायच्या आधी ते पान तू आणलंस. भाषण तू लिहिलंस. 'प्रत्येक जण' तू घातलंस, मी नको म्हणत होतो. आणि त्यामुळे बरोब्बर तेवढीच उपसूचना पडली." त्याने पुस्तक मिटलं. "गल्लीतले बोलतात म्हणून विचारतो. तुला कोणी सांगितलं नव्हतं ना तायडे, असं करायला?"

"दादा!"

"नाही ना?"

"नाही. शपथ. नाही."

"असेल," तो म्हणाला.

ते 'असेल' कसं असतं ते मला माहीत आहे. मी आयुष्यभर लोकांना ते म्हणत आले आहे, आणि एकदाही मला तसं वाटलेलं नाही. माझ्याकडे दाखवायला एकही कागद नव्हता. सहा वर्षांपूर्वीच्या अर्जाची प्रत दाखवली असती, तर त्याच्या जागी मी म्हणाले असते, प्रत काय कोणीही आणतं.

काहीतरी करावं म्हणून मी खाली वाकले आणि पुठ्ठ्यांच्या पुढच्या गठ्ठ्याला दोरी घालायला लागले. दादाने माझ्या हातातून दोरी हलकेच काढून घेतली.

"राहू दे," तो म्हणाला. "तुला ऑफिसला उशीर होईल."

रविवार होता.