प्रार्थनाचा न सुटलेला प्रश्न

मित्रांनो, मी एक फळा आहे, आता पार जुना झालेला. सोनईच्या सुताराने मला प्लायवूडवर काळा रंग देऊन बनवलं आणि वैजनाथ सरांनी आपल्या स्पर्धा परीक्षेच्या वर्गात टांगलं. सर बुद्धिमत्ता चाचणी शिकवायचे. विरोधाभासाचे प्रश्न त्यांचे लाडके.

एकदा त्यांनी माझ्यावर लिहिलं, 'गावात पिंजरे लावले. बिबटे कमी झाले. तरी बिबट्याच्या तक्रारी वाढल्या. कसं काय?'

"बिबटे कमी झालेच नसतील," कल्याण म्हणाला.

"न्हाई. दिलेली गोष्ट खोटी ठरवायची न्हाई. दोन्ही खऱ्या धरायच्या आणि त्यांना जोडणारं कारण शोधायचं."

मागून प्रार्थना उठली. चर्चमागच्या वस्तीतली, शांत मुलगी. "सर, पिंजऱ्यांवर वनखात्याचा नंबर लिहिला असंल. आधी तक्रार कुठं करायची तेच लोकांना ठाऊक नव्हतं."

सर इतके खूश झाले की हातातला खडू त्यांनी तिलाच देऊन टाकला. त्या दिवसापासून सर नसले की तीच शिकवायची. तिचं अक्षर गोल होतं. ती मला ओल्या फडक्याने पुसायची, तेव्हा फार बरं वाटायचं.

तिच्याकडून शिकून कल्याण तलाठी झाला. पेढे घेऊन आला आणि म्हणाला, "ताई, पुढचा नंबर तुझाच!"

प्रार्थनाची निवड दोनदा थोडक्यात हुकली. मग भरतीची जाहिरातच निघेना. आज निघेल, उद्या निघेल, असं करता करता वर्षं गेली. निघाली तेव्हा तिचं वय मर्यादेपलीकडे गेलं होतं.

त्या संध्याकाळी वर्ग सुटल्यावर तिने माझ्यावर लिहिलं, 'ती सगळ्यांना शिकवते. तिने शिकवलेले पास होतात. ती मात्र घरीच राहते. कसं काय?'

सर दारात उभे राहून वाचत होते. "पोरी, कारण हाय की. जाहिरात उशिरा आली."

"ते कारण झालं, सर. पन आईला काय सांगू?"

तिने खडू खाली ठेवला, चपला घातल्या आणि ती गेली. मला न पुसता.

आता ती शिर्डीतल्या एका हॉटेलात काउंटरवर असते म्हणे. पुन्हा वर्गात आली नाही. हळूहळू मुलंही कमी झाली आणि सरांनी वर्ग बंद केला. शेजारच्या दगडाबाईंनी मला आपल्या कांदाचाळीच्या भगदाडाला लावलं. ओलीने माझा रंग सुटतोय. तिची अक्षरं केव्हाच गेली. मला पुन्हा कुणी भिंतीवर टांगेल, असं वाटत नाही.

मित्रांनो, माझं सोडा. पण तुमच्या घरात एखादी ताई असा अभ्यास करत असेल, तर 'काय झालं?' असं रोज विचारू नका. आणि ज्या दिवशी सगळं संपेल, त्या दिवशी तिला एकटीला घरी येऊ देऊ नका. घ्यायला जा. वाटेत काही बोलला नाहीत तरी चालेल.