मुकुटाला बारा व्होल्ट

राणी दुसऱ्या अंकात मरते आणि मेली की सरळ घरी जाते. त्या दिवशी जाताना ती मुकुटाची पॉवर बँकही घेऊन गेली.

"घेऊन गेली म्हणजे?" भाचीने विचारलं.

"मी दिली," मामा म्हणाला. तो राजा होता. "अगं, तिचा मोबाइल बंद पडला होता. मरता मरता मागितली तिने. नाही कसं म्हणणार?"

भाची लिफ्ट दुरुस्त करायची, त्यामुळे माणसं मधेच अडकलेली बघायची तिला सवय होती. पण ती अनोळखी माणसं असायची.

मुकुट तिने घरीच केला होता. नऊ पांढरे एलईडी, प्रत्येकाला शंभर ओहमचा एक रेझिस्टर, आणि पाच व्होल्टची पॉवर बँक. एलईडीला तीन व्होल्ट लागतात, उरलेले दोन रेझिस्टर गिळतो आणि ढेकरही देत नाही. शेवटच्या प्रवेशात सगळे दिवे विझतात आणि राजा फक्त मुकुटाच्या उजेडात सिंहासनाच्या उंच पायऱ्या उतरतो. पायऱ्यांना कठडा नव्हता. कठडा दिग्दर्शकाला फार घरगुती वाटला होता.

मामाचा डावा गुडघा डॉक्टरांनी दोनदा उघडून परत बंद केला होता. तिसऱ्यांदा उघडणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि पहिल्या रांगेत भाचीची आई बसली होती. भाऊ पडला तर नाटक कोणी बसवलं हे ती विचारणार नव्हती. मुकुट कोणी केला, एवढंच विचारणार होती.

"पायऱ्यांपुरता एक बारीक दिवा ठेवू या," भाची म्हणाली.

"काळोख हाच माझ्या नाटकाचा आशय आहे," दिग्दर्शक म्हणाला. "तो काढला तर उरतं काय?"

"मामा उरेल."

दिग्दर्शकाने हे ऐकलं नाही. तो वरच्या पट्टीतलं काहीच ऐकत नसे आणि खालच्या पट्टीतलंही.

पॉवर बँक दुसऱ्या कोणाकडेच नव्हती. कोपऱ्यात राक्षस बिस्किटं खात बसला होता. तो पहिल्याच अंकात मेला होता, पण अंगाचा काळा रंग निघत नव्हता म्हणून थांबला होता. एरवी तो दातांचा डॉक्टर. त्याने पोटातून विटेएवढी सीलबंद बॅटरी काढून दिली.

"डोळे पेटवायला होती," तो म्हणाला. "आता मला कशाला हवेत डोळे."

बॅटरीवर बारा व्होल्ट लिहिलं होतं.

"मिळाली ना वीज," असं म्हणत दिग्दर्शकाने राणीने मागे ठेवलेली केबल कापली, वायरी सोलल्या आणि भाची हो-नाही म्हणायच्या आत बॅटरीला टेकवल्या. मामाच्या डोक्यावर वेल्डिंग चालू झाल्यासारखा निळा लख्ख उजेड पडला. फट्‌ असा आवाज आला. भाचीने वायर हिसकली तेव्हा कपाळाशी धुराची एक बारीक रेघ उभी होती.

"छान वास येतोय," मामा म्हणाला. "काय जळतंय?"

"तू."

एक एलईडी गेला होता. मुकुट विगला शिवलेला, विग कपाळाला डिंकाने चिकटवलेला, आणि तो डिंक ठिणगी बघून पेटणाऱ्यांपैकी. विग उतरवायलाच अर्धा तास लागायचा, आणि बाहेर शेवटच्या अंकाची पहिली घंटा झाली होती.

दिग्दर्शकाने तिच्या डबीत बोट घातलं. "इतके रेझिस्टर आहेत. त्यातला एखादा मोठा लाव मधे."

"सगळे पाव वॅटच झेलणारे आहेत. यातल्या एकट्यावर सगळ्या दिव्यांचं उरलेलं टाकलं तर पाचपट उष्णता होईल. पाच माणसांच्या लिफ्टमध्ये पंचवीस चढवायची का? आणि ती लिफ्ट मामाच्या डोक्यावर?"

मामाने डोकं थोडं बाजूला घेतलं.

भाची बॅटरीकडे बघत बसली. जास्तीचे व्होल्ट रेझिस्टरमध्ये जाळायचे, तर एकट्यात जागा नाही आणि प्रत्येक दिव्याला वेगळे लावायला वेळ नाही. मग जाळायचेच कशाला? एकामागोमाग तीन एलईडी एका माळेत जोडले तर नऊ व्होल्ट तेच खातील. उरले तीन. माळेत प्रत्येकाचा शंभरचा रेझिस्टर आपोआप आला, म्हणजे तीनशे ओहम. प्रवाह फक्त दहा मिलीअँपियर, आधीच्या निम्मा. कोमटसुद्धा होणार नाही.

"उजेड अर्धाच पडेल," ती म्हणाली. "पण डोकं राहील."

तीन-तीनच्या दोन माळा. उरलेले दोन एलईडी तसेच आंधळे राहू द्यायचे. चार ठिकाणी कापायचं, चार ठिकाणी सोल्डरचा डाग द्यायचा, तोही राजाच्या डोक्यावर. तिने कपाळावर ओला रुमाल दाबला आणि सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं.

"डोकं धरा," ती राक्षसाला म्हणाली.

दातांच्या डॉक्टरने मामाची हनुवटी पकडली. "दुखलं तर डावा हात वर करा," तो सवयीने म्हणाला.

"आणि मग तुम्ही थांबता?"

"नाही."

दुसरी घंटा झाली तेव्हा तिसरा डाग बसत होता. मामाच्या कानामागून घामाचा एक थेंब डिंकाच्या दिशेने निघाला. राक्षसाने तो करंगळीने टिपला आणि काळा ठिपका ठेवला. चौथ्या डागाआधी भाचीने आयर्न बाजूला केलं, हात पुसले, परत टेकवलं. मग बॅटरी मामाच्या कमरेला बांधून जोडली.

सहा दिवे लागले. शांत, पिवळट वाटावेत इतके मंद. धूर नाही. तिने रेझिस्टरवर बोट ठेवलं. गार.

"हे फारच कमी आहे," दिग्दर्शक म्हणाला, आणि तिसरी घंटा झाली.

शेवटचा प्रवेश आला आणि काळोख पडला. विंगेतून भाचीला फक्त सहा ठिपके दिसत होते, जमिनीपासून फार वर. ते हलले. एक पायरी. दुसरी. मग थांबले.

तिला लगेच कळलं. दिवे समोर बघत होते. पूर्ण उजेड असता तर थोडा सांडून पायाशी पडला असता. अर्ध्या उजेडात सांडायला काही उरलंच नव्हतं. मामाचा पाय हवेत पायरी शोधत होता, आणि तो डावा होता. ओरडावं तर तो दचकणार. न ओरडावं तर... पहिल्या रांगेत कोणीतरी खोकता खोकता थांबलं.

सहा ठिपके थरथरायला लागले. मग हळूहळू खाली वळले. राजाने मान झुकवली होती. उजेड पायरीवर पडला, पाय टेकला. तो पुढची पायरी शोधत तसाच, मान खाली घालून, एकेक करत उतरला. थिएटरात कोणीतरी नाक ओढलं.

"हे मी बसवलं नव्हतं," दिग्दर्शक कुजबुजला. "हा पश्चात्ताप कुठून आणला याने?"

भाची तोंडावर हात धरून पायऱ्या संपायची वाट बघत होती.

पडदा पडला. मामा विंगेत आला आणि पहिल्या खुर्चीत बसला, म्हणजे राक्षसाच्या बिस्किटांवर. भाचीने वायर काढली.

"खाली काहीच नव्हतं गं," तो म्हणाला. आवाज राजाचा नव्हता. "पाय टाकला तर नुसती हवा."

"दिसलं मला."

"ताईला सांगू नकोस."

"तिलाही दिसलं असेल."

बाहेर टाळ्या थांबेनात. दिग्दर्शकाने मामाला प्रेक्षकांना नमस्कार करायला खांद्याला धरून उठवलं. मामाने कमरेची बॅटरी चाचपली.

"लाव परत."

"आता सगळे दिवे लागलेत, मामा. दिसणारसुद्धा नाही."

"लाव म्हणतो ना," मामा म्हणाला, "आणि हात धर माझा. पुढेही एक उंबरा आहे."