दोष शून्य

नूतनने तिसऱ्यांदा सुरक्षा तपासणी चालवली. पाणी वापर संस्थेच्या सर्व्हरवर तिचं सॉफ्टवेअर वीस मिनिटं फिरलं आणि पुन्हा तोच हिरवा अहवाल घेऊन आलं: दोष शून्य.

"झालं ना? मंग सही कर," सचिव भूपेंद्र म्हणाले. "उद्यापासून इटियाडोह धरणाच्या कालव्यावरली बारा गावं मोबाइलवरूनच पाण्याची पाळी लावतीन."

ती सही करणारही होती. पण दाराशी धुरपताबाई येऊन उभ्या राहिल्या. नूतनच्या घरच्या बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला, त्यांची बांधी लागून. पंधरा दिवस त्यांचं एकटं गाव ही मोबाइलची सोय वापरून पाहत होतं, आणि मंगळवारी त्यांच्या पाळीचं पाणी आलंच नाही.

"धान पिवळा पडून राहिला, बाई. तुया मशीनले पूस ना, मायं पाणी कुठी गेलं?"

नेमकं हेच मशीनला विचारता येत नव्हतं. नूतनला आधी गंमत वाटली, मग जरा भीती. ते बिचारं माहीत असलेल्या दोषांची यादी घेऊन दारांची एकेक कडी हलवून बघायचं. कुठली पाळी कोणाची, हे त्याला कोण सांगणार?

तिने साध्या शेतकऱ्यासारखं स्वतःच्या मोबाइलवरून त्या सोयीत शिरून धुरपताबाईंचा गट क्रमांक टाकला. एकदा बोट लावताच त्यांची पुढची पाळी नूतनच्या नावावर आली. कोणी काही विचारलं नाही. तिने ती घाईघाईने परत केली.

"काका, हे असं काऊन?"

"रजिस्टरात असंच होतं. कोणी लग्नाले गेला का शेजारी येऊन पाळी बदलून घे. म्या तसंच बनवाले सांगतलं."

"पण तवा रजिस्टरापुढं तुम्ही बसून राहत होते ना."

नूतनने मंगळवारची नोंद उघडली. पाळी बदलणाऱ्याचा मोबाइल क्रमांक समोर आला. शाळेपासून कॉलेजपर्यंत प्रत्येक फॉर्मवर तिने तो भरला होता. बाबांचा, सुखरामचा.

ती ओसरीत गेली आणि फोन लावला.

"हो, म्याच बदलली," बाबा म्हणाले. "आपली बांधी भेगाळून राहिली होती. मशीननं होऊ देलं ना? मंग चुकीचं काऊन?"

तिने फोन ठेवला. तिला आतून फार वाईट वाटलं.

परत येऊन तिने अहवालात शून्य खोडून एक केला. पुराव्याच्या रकान्यापाशी बोटं थोडी थांबली. मग तो दहा आकडी क्रमांक तिने न बघता टाइप केला.

"मावशी, बसा," ती धुरपताबाईंना म्हणाली. "तुमचं पाणी आमच्या बांधीत आहे."