कोबीची बोंब

बसा असे, त्या पालथ्या टोपलीवर. एक बोंबेची गोष्ट सांगतो. बोंब कुणाची? कोबीची. हसू नका. कोबी तोंडानं बोंबलत नाही, वासानं बोंबलतो.

हे भाजी पिकवायचं काचेचं घर दोघा भावंडांचं. थोरली मातीतली, धाकटा हातोडी-खिळ्यातला. थोरलीचा राग म्हणजे उकळतं आधण, झाकण ठेवलं की जास्तच उडणार. त्या साली दोघांनी घरभर कोबीच लावला, दुसरं काही नाही. हा हातचा गेला तर काचघर विकायचं, असं ठरलेलं.

मधेच थोरली आजारी मावशीकडे गेली. तेवढ्यात धाकट्यानं वरच्या सगळ्या खिडक्यांना बारीक जाळी ठोकली. चिलट शिरणार नाही अशी, कडा गोंदानं चिकटवून. काम देखणं होतं, खोटं कशाला बोलू.

थोरली परतली, दार उघडलं आणि उंबऱ्यातच थबकली. वास अंगावरच आला. चिरडलेल्या पाल्याचा, वर मोहरीची झणझण. तिनं पान उलटलं. हिरव्या अळ्या, आणि पानाची पार चाळणी.

"हे काय करून ठेवलंस?"

"आधी जाळी तर बघ, ताई! एक पाखरू आत येणार नाही."

"मग या काय तुझ्या वरातीला आल्यात?"

"अंडी रोपांवरच आली असतील. त्याला मी काय करू?"

"म्हणजे अळ्या आत कोंडल्यास आणि त्यांचा काळ बाहेर ठेवलास! अरे, मला शिकवलं कुणी? तूच ना, पुस्तकात वाचून? चावलेल्या झाडाचा वास वाऱ्यावर जातो. त्या वासावर मुंगीएवढी गांधीलमाशी येते, अळीच्या पोटात अंडी घालते, पिल्लं अळीला आतून खातात. शेजारची झाडंसुद्धा तो वास घेऊन आपली पानं कडू करतात. माझा चहा गार होईस्तोवर सांगत होतास! झाडं बोंबलून बोंबलून दमली, आणि तू त्यांच्या तोंडावर हात धरून बसलास!"

धाकटा मान खाली घालून म्हणाला, "गेल्या साली बाहेरून कीड आली तेव्हा तूच घर डोक्यावर घेतलंस. पुन्हा तुझ्या शिव्या नकोत, म्हणून ठोकली."

हे ऐकून थोरली आणखीच भडकली. कारण ते खरं होतं. तिनं कोयता उचलला, शिडी लावली आणि जाळी टराटरा फाडत सुटली. एकेका फाडण्याला धाकट्याच्या तोंडून "अगं, अगं" निघत होतं, जसं काही त्याचंच कातडं सोलतायत.

माश्या काही लगेच धावून आल्या नाहीत. थोरली कमरेवर हात ठेवून खिडकीखाली उभी राहायची आणि वर बघून शिव्या द्यायची, "या की मेल्यांनो, आता काय आमंत्रण हवंय?" एका दुपारी काळे ठिपके आत तरंगले. पुढं अळ्या सुस्तावल्या, त्यांच्या कुशीला पिवळट कापसाचे दाणे चिकटले, माशीच्या पिल्लांचे कोष ते. मधल्या रांगा गेल्याच. कडेच्या तगल्या, आणि त्यांच्यावर काचघर तगलं.

पण धाकट्याची खोड जाते का? तो बघा, सुईदोरा घेऊन आला जाळी शिवायला. शिडी शोधतोय. ती तुमच्या टोपलीमागं आडवी पडलीय. थोरली येईस्तोवर तिथून तेवढं उठू नका.